भुरळ घालणारा पुरुष आपल्याकडं कुठं दडलाय?

पेवातली_हळद (धागाकर्ती, सांगली)

आमच्या वाचनकट्ट्याचा या महिन्याचा विषय होता ‘मोहिनी घालणारी पात्रं’. प्रत्येकानं एकेक पात्र घेऊन यायचं होतं. आली ती अशी: मेनका, उर्वशी, भस्मासुराला नाचवणारी मोहिनी, मृच्छकटिकातली वसंतसेना, वगातल्या दोन-तीन नायकिणी. झाडून सगळ्या बायका. मी विचारलं, पुरुष कुठाय? मंडळी जरा चुळबुळली, मग एक काका म्हणाले ‘कृष्ण’, आणि सगळ्यांनी सुटलो बाबा अशा माना डोलावल्या. माझं काही समाधान झालं नाही, म्हणून हा धागा.

युरोपात हा माणूस चारशे वर्षं ऐटीत फिरतोय. सतराव्या शतकात स्पेनमधल्या एका नाटकातून डॉन हुआन निघाला, १७८७ साली प्रागला मोझार्टच्या ऑपेरात पोचला. तिथं त्याचा नोकर धन्याच्या पराक्रमाची वहीच वाचून दाखवतो: इटलीत ६४०, जर्मनीत २३१, फ्रान्समध्ये १००, तुर्कस्तानात ९१ आणि स्पेनमध्ये १००३. ऐकणारी कोण, तर त्याच धन्यानं फसवून सोडलेली बाई. गंमत म्हणून लिहिलंय, पण अंगावर येतं.

पुढं १८४३ च्या फेब्रुवारीत कोपनहेगनला कीर्केगार्ड या डॅनिश तत्त्वज्ञाचं एक पुस्तक छापून आलं. त्यात एका मोहात पाडणाऱ्याची अख्खी रोजनिशी आहे. हा योहानेस यादीवाला नाही. तो एकाच मुलीमागं लागतो, तिच्याशी रीतसर वाङ्निश्चय करतो, आणि मग असे डाव टाकतो की तो वाङ्निश्चय तिनं स्वतःहून मोडावा. तिनं आपल्या मर्जीनं आलोय असं समजून त्याच्याकडं यावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. जबरदस्ती कुठंच नाही, आणि तरीही वाचताना गुदमरायला होतं.

त्याच १८४३ सालच्या नोव्हेंबरात आमच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. मराठी रंगभूमी तिथून मोजतात. आता गंमत बघा. तिकडं एक पुरुष एका मुलीचं मन फिरवण्यासाठी महिनोन्‌महिने घालवतोय, इकडं रामानं धनुष्य मोडलं की विषय संपला. सीतेचं मन वळवायची गरज कुणाला?

तर प्रश्न असा: बाईला बोलण्यानं, वागण्यानं, हुशारीनं मोहात पाडणारा पुरुष आपल्या साहित्यात, नाटकात, चित्रांत कुठं सापडतो? की आपण त्याला मुद्दाम लपवलाय?

कंदी_पेढा (सातारा)

हळदताई, काकांचं काय चुकलं? तमाशाची गवळण घ्या. गवळणी मथुरेच्या बाजाराला निघाल्यात, वाटेत कृष्ण आणि पेंद्या आडवे येतात, दाण म्हणजे जकात मागतात. दही-दूध हे निमित्त, खरा सौदा वेगळाच चाललाय हे गवळणींनाही ठाऊक आणि पुढं घोंगडी टाकून बसलेल्या म्हाताऱ्यालाही. याहून मोठा भुरळ घालणारा कोण हवा?

पेवातली_हळद

दादा, त्या गवळणी घरातून निघतानाच भुललेल्या असतात. तो वाट अडवतो, भुरळ घालायचं काम त्याच्या नावानं आधीच होऊन गेलेलं असतं. योहानेसला एकेक पायरी चढावी लागते. आणि गवळणीत खरी टोलेबाजी कृष्णाशी कोण करतं? मावशी. तीही लुगडं नेसलेला बाप्या. हे जरा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

जवारी (मिरज)

तुम्ही सगळे पुराणात शिरलात. मी आणखी मागं जातो, पण देवांकडं नाही, माणसांकडं. हाल सातवाहनाची गाथासप्तशती. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा, गोदाकाठची शेतं, पाणवठे, वाटसरू. स. आ. जोगळेकरांची मराठी आवृत्ती १९५६ ची, जुन्या ग्रंथालयांत विचारून बघा.

त्यातली पाणपोईची गाथा मला सगळ्यात आवडते. वाटसरू ओंजळीनं पाणी पितोय. नजर वर, पाणी ओतणाऱ्या पोरीच्या तोंडाकडं. बोटं फाकवलीत, म्हणजे पाणी गळून जाईल आणि पिणं लांबेल. आणि ती? ती धार बारीक करत चाललीय. संपलं. दोघं एक शब्द बोलत नाहीत. आता सांगा, कुणी कुणाला भुरळ घातली?

दुसरी एक आहे, ‘ध्वन्यालोक’ या काव्यशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात आनंदवर्धनानं उदाहरण म्हणून घेतलेली. घरी उतरलेल्या पाहुण्याला सून सांगते: इथं सासूबाई निजतात, इथं मी, उजेड आहे तोवर नीट बघून ठेव, रातांधळ्या, रात्री चुकून माझ्या अंथरुणावर पडशील. आणि तिसरी, तीही तिथलीच: गोदाकाठच्या झाडीत फुलं तोडायला येणाऱ्या एका धार्मिक गृहस्थाला बाई म्हणते, आता बिनधास्त फीर, तुला त्रास देणारं कुत्रं मेलं, झाडीतल्या सिंहानं मारलं. तिची भेटायची जागा तीच आहे, त्याला तिथून पळवायचाय. काव्यशास्त्रातला सगळा ‘व्यंग्यार्थ’ या बायकांच्या आडून बोलण्यावर उभा आहे राव.

तेव्हा ताई, तुमचा पुरुष गाथेत आहे, पण तो डाव टाकत नाही. तो बोटं फाकवतो. बाकीचं ती बघते.

वाईघाट (वाई)

जवारीकाका, दंडवत. पाणपोईच्या गाथेसाठी हा धागा वाचनखुणेत टाकला.

फक्त एक शंका. गाथांच्या कवींमध्ये रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशी काही बायकांची नावं येतात, पण बहुतेक रचणारे पुरुषच ना? म्हणजे ‘ती धूर्त, तो भोळा’ हे लिहिणारा तोच भोळा. सोयीचं आहे.

चिवट_वाचक

+१. आणि ‘मी काय केलं, तिनंच रातांधळा म्हटलं’ हा बचाव दोन हजार वर्षं चालू आहे.

माणदेशी_मेंढका (दहिवडी)

मला शाळेत असताना आज्यानं ऋष्यशृंगाची गोष्ट सांगितली हुती, ती आठवली. अंगदेशात पाऊस न्हाई. राजा लोमपादाला सांगितलं गेलं, ज्यानं जल्मात बाई बघितली न्हाई असा ऋषीचा पोरगा राज्यात आण, पाऊस पडंल. मग राजानं एक नायकीण धाडली. पोराचा बाप विभांडक रानात गेलेला बघून ती आश्रमात शिरली, हारतुरे, गोडधोड, चेंडू खेळून दाखवला, मिठी मारली आन् निघून गेली. सांजंला बाप आला, तर पोरगं सांगतंय, बाबा, आज एक ब्रह्मचारी आला हुता, लांब जटा, गळ्याखाली दोन गोल, तोंडावर तोंड ठिवून कायतरी आवाज केला, मला लई बरं वाटलं, मला त्याचंच व्रत करायचंय.

वनपर्वात हाय ही. हसून हसून मेलो हुतो तवा. आमच्याकडं बी पाऊस न्हाई, पर सरकार नायकीण धाडत न्हाई, टँकर धाडतंय.

कंदी_पेढा

मेंढकादादा, टँकरच्या मागं पण कुणीतरी भुललेलं असतंच की. ठेकेदार बघा.

पेवातली_हळद

मेंढकादादा, तुम्ही हसता हसता मोठी गोष्ट सांगून गेलात. त्या नायकिणीला पाठवलं कुणी? राजानं. मेनकेला? इंद्रानं. उर्वशी अर्जुनाकडं गेली तीसुद्धा आधी इंद्राच्या सांगण्यावरून. मोहिनी तर स्वतः विष्णूच. म्हणजे मोह घालणाऱ्या बायकांची जी यादी आमच्या कट्ट्यावर निघाली, त्यातल्या किती जणींच्या मागं एकेक पुरुष बसलाय बघा. योजना त्याची, कारण त्याचं, कुणाचं तरी सिंहासन डळमळलेलं असतं म्हणून. ती जाते, काम करते आणि शाप झाला तर तिला.

मी पुरुष कुठाय म्हणून शोधत होते. तो विंगेत उभा आहे.

औंध_स्टँड (औंध, जि. सातारा)

चित्रांचं कुणीच बोललं नाही म्हणून थोडं. आमच्या डोंगरावरच्या संग्रहालयामुळं रविवर्म्याची चित्रं लहानपणापासून डोळ्यांसमोर. मेनका तपोभंग करतेय तेही चित्र त्यानं काढलंय. पण मला सांगायचंय ते ‘शकुंतलेचा जन्म’बद्दल. मेनका बाळ पुढं करतेय आणि विश्वामित्र तोंड फिरवून, हात आडवा धरून ‘नको’ म्हणतोय. त्याच्या छापखान्यातून १८९४ साली निघालेलं पहिलं छापील चित्र हेच, असं सांगतात.

विचार करा. त्या छापखान्यातून देवादिकांची रंगीत चित्रं स्वस्तात घरोघरी जायला लागली, आणि सुरुवातीला भिंतीवर लागलं ते काय? मोह नाही. मोहानंतर जबाबदारी झटकणारा बाप. त्या हाताकडं बघा कधी नीट. तो हात तपश्चर्येचा नाही, कोर्टात ‘मी हिला ओळखत नाही’ म्हणणाऱ्याचा आहे. आणि लोकांनी हे चित्र दिवाणखान्यात लावलं, पोरंबाळं त्याच्याखाली पाढे म्हणत मोठी झाली.

हरिपूरकर

धागा उशिरा बघितला. आमच्या गावच्या माणसाचं नाव अजून आलं नाही म्हणजे काय! गोविंद बल्लाळ देवल. शूद्रकाचं मृच्छकटिक त्यांनी संगीत करून मराठीत आणलं, आणि ताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथं पडलंय.

वसंतसेना गणिका. तिच्यामागं दोन पुरुष. एक शकार, राजाचा मेव्हणा. तो तिला जिंकायला काय काय करत नाही? दागिने पाठवतो, पाठलाग करतो, श्लोक म्हणतो आणि ते सगळे चुकीचे म्हणतो, रामायणातली माणसं महाभारतात घालतो. दुसरा चारुदत्त, गरीब झालेला सज्जन. तो काय करतो? काही नाही. घरी बसून असतो. वसंतसेनाच भर पावसात, विजा चमकत असताना, त्याच्याकडं चालत जाते. संस्कृतात अशा बाईला अभिसारिका म्हणतात, आणि तो पाचवा अंक म्हणजे पावसाचा आणि बाईच्या धाडसाचा उत्सव आहे. शकाराला नकार मिळाल्यावर मात्र तो तिचा गळा दाबतो.

आता पुढं बघा. कीचक. सैरंध्रीला, म्हणजे दासी होऊन राहिलेल्या द्रौपदीला, महाल, दासी, दागिने, सगळं देऊ करतो. तोही खलच. आमच्या सांगलीच्याच खाडिलकरांनी ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आणलं, लोकांनी कीचकात व्हाइसरॉय राहिलेल्या कर्झनला ओळखलं, आणि १९१० साली सरकारनं नाटकावर बंदी घातली. म्हणजे बाईच्या मागं लागलेला पुरुष हा परकीय सत्तेचं चित्र झाला.

आणि उर्वशीनं स्वतः येऊन विनवलं तरी अर्जुन ‘तुम्ही मला मातेसमान’ म्हणून हात जोडतो. शाप पत्करतो.

सूत्र लक्षात आलं का? आपल्याकडं चांगला पुरुष प्रयत्नच करत नाही. तो बसून राहतो, बायका येतात. जो प्रयत्न करतो तो एक तर विदूषकी शकार, नाही तर कीचक. मधला माणूस, जो हुशार आहे, देखणा आहे, गोड बोलतो आणि फसवतो, त्याला जागाच ठेवली नाही. डॉन हुआन आपल्याकडं जन्माला येतो न येतो तोच भीम त्याचा लगदा करतो.

अवांतर: ‘शारदा’ (१८९९) विसरू नका. म्हातारा भुजंगनाथ पोरीला भुलवायच्या भानगडीत पडतच नाही. तिच्या बापाला भुलवतो, पैशानं. मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित आहेच. मराठी मध्यमवर्गीय शृंगाराचा इतका खरा आराखडा दुसरा नाही.

चिवट_वाचक

हरिपूरकरांचा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी झालाय. पण एक राहिलं. कीचकाला रात्री नर्तनशाळेत बोलावते कोण? द्रौपदी. दिवसा तिथं मुली नाच शिकतात, रात्री कुणी नसतं, ये, कुणाला सांगू नको. गोड बोलून सापळा लावते आणि आत भीम. इंद्रानं पाठवलेली नाही, राजानं पाठवलेली नाही. स्वतःच्या कारणासाठी स्वतः भुरळ घालणारी बाई हवी असेल तर ही घ्या. आणि तिला कुणी ‘मोहिनी’ म्हणत नाही, कारण ती आपल्या बाजूची.

वकीलीणबाई (सांगली)

कामाच्या गडबडीत वाचतेय. तुम्हा सर्वांना साहित्यात न सापडलेला माणूस मला रोज भेटतो. हळदताई, तुमचा डॉन हुआन पोलीस डायरीत आहे.

जुन्या दंडविधानात ४९७ होतं, व्यभिचाराचं. गुन्हेगार फक्त परपुरुष, तक्रारदार नवरा, आणि बाई म्हणजे जणू हरवलेली वस्तू. सर्वोच्च न्यायालयानं ते २०१८ च्या सप्टेंबरात रद्द केलं. त्याच्या शेजारचं ४९८ मात्र, म्हणजे विवाहितेला फूस लावून नेणं, नव्या भारतीय न्याय संहितेत ८४ क्रमांकानं शाबूत आहे. शिवाय कलम ६९ नवं आलं: लग्नाचं खोटं वचन, नोकरी-बढतीचं आमिष, ओळख लपवून लग्न, अशा फसवणुकीनं शरीरसंबंध ठेवले तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. १ जुलै २०२४ पासून लागू.

आता यातली गोम ऐका. कोर्टात सगळा वाद एकाच गोष्टीवर येतो: वचन दिलं त्या दिवशी ते पाळायचा इरादा होता की नव्हता? नंतर मन बदललं तर तो गुन्हा नाही, मुळातच खोटं असेल तर गुन्हा. म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर माणसाच्या मनात काय होतं, हे आम्ही व्हॉट्सअॅपच्या स्क्रीनशॉटवरून सिद्ध करायचं. तुमचा तो योहानेस माझ्यासमोर आरोपी म्हणून उभा राहिला तर सुटेल. ती त्याच्याकडं आली तेव्हा लग्नाचं वचनच उरलं नव्हतं, वाङ्निश्चय तर तिनंच मोडला होता.

पेवातली_हळद

वकीलीणबाई, हे वाचून काटा आला. हेच मला त्या रोजनिशीत खुपत होतं.

वाळवेकर (ता. वाळवा)

एवढा वेळ गप्प बसलो. सांगली-सातारा, भुरळ, शृंगार एवढी चर्चा झाली आणि लावणीवर कुणी यायला तयार नाही! रेठरे हरणाक्ष आमच्या तालुक्यातलं. १८६६ साली तिथं कुलकर्ण्यांच्या घरात श्रीधर कृष्णाजी जन्मला, आणि कुलकर्णीपण, सोवळं, घरदार सोडून तमाशात गेला, पठ्ठे बापूराव झाला. कुणी मोहात पाडलं त्याला? लोक लगेच म्हणतात पवळेनं. हिवरगाव पावसाची पवळा, तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली बाई म्हणून तिचं नाव घेतात. पण बापूराव पवळेआधीच तमाशाच्या नादी लागलेला होता. त्याला भुरळ घातली ती जात्यावरच्या ओव्यांनी, ढोलकीनं, फडानं. बाई नंतर. तरी गोष्ट सांगताना ‘बामण महारणीच्या नादानं बिघडला’ अशीच सांगतात. मेनकेचीच गोष्ट, पुन्हा.

आता ताईंच्या ‘विंगेतल्या पुरुषा’बद्दल. लावणी बाई म्हणते, ‘मी’ असं म्हणते, ‘माझा सखा’ म्हणते. शब्द कुणाचे? राम जोशी, होनाजी, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर, बापूराव. सगळे बाप्ये. आणि पवळेच्या आधी ते शब्द नाचून म्हणणारासुद्धा बहुधा नाच्या पोऱ्या. पुरुषानं लिहायचं, बाईच्या तोंडून बोलायचं, समोर बसलेल्या पुरुषाला खूश करायचं. मग भुरळ घालणारा पुरुष सापडला की नाही? त्यानं नऊवारी नेसलीय, म्हणून ओळखू आला नाही.

आणि हा शृंगार फुकट नव्हता. फडात नाचणाऱ्या बायका कुठल्या जातींच्या, दौलतजादा म्हणून पैसे उधळणारे हात कुठल्या जातींचे, हे न बोलता नुसतं ‘कला, कला’ करणं मला जमत नाही. बापूरावांनी आपल्या खेळांचं उत्पन्न चळवळीला देऊ केलं तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारलं. आमच्या बायका नाचवून आलेला पैसा नको, हे कारण. त्या एका नकारात सगळी समीक्षा आली. कोल्हाट्यांच्या वस्तीत पोरीचा चिरा उतरला, म्हणजे पैसे मोजणाऱ्या पुरुषाकडं तिला पहिल्यांदा दिलं, की तिचं लग्न कायमचं संपलं, आणि तिच्या कमाईवर भावांचे संसार. तिथं ‘मोहिनी’ हा शब्द काढायचा?

वाईघाट

वाळवेकरदादा, तुमचा राग मला मान्य आहे. पण तुम्ही शब्द लिहिणाऱ्याला फार मोठं केलंत आणि म्हणणारीला बाहुली.

मी वाईची. आमच्या गावच्या यमुनाबाई वाईकर, त्याच कोल्हाटी समाजातल्या. २०१२ ला पद्मश्री मिळाली, २०१८ ला गेल्या, शंभरी ओलांडून. बैठकीची लावणी म्हणजे काय ते ज्यांनी नुसता टीव्हीवरचा धांगडधिंगा बघितलाय त्यांना सांगून कळायचं नाही, तरी प्रयत्न करते. बाई खाली बसलेली. उठून नाचायचं नाही. जे करायचं ते गळ्यानं, डोळ्यांनी, भुवईनं, बोटांनी, फार तर पदरानं. एकच ओळ घ्यायची आणि परत परत म्हणायची, प्रत्येक वेळी वेगळी अदा. ‘येऊ नका’ या अर्थाची ओळ असली तर पहिल्यांदा रुसवा, मग घरच्यांची भीती, मग ‘येऊन तर बघा’, मग खरोखरच दार बंद. कवीनं एक ओळ लिहून दिली, बाकीच्या दहा तिच्या. त्या कुठल्या वहीत सापडणार? म्हणून अभ्यासक कवीचं नाव लिहितात, तिचं काम ‘सादरीकरण’ म्हणून एका वाक्यात उरकतात.

जवारीकाकांच्या पाणपोईवालीसारखं आहे हे. धार बारीक किती करायची, ते तिच्या हातात.

वाळवेकर

ताई, धार तिच्या हातात, मान्य. पाणपोई कुणाच्या मालकीची?

वाईघाट

मालकाची. पण गाथेत मालकाचं नाव नाही, तिचा हात आहे. आणि बाळासाहेब खेर मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना सरकारनं अश्लील म्हणून तमाशावर बंदी घातली, तेव्हा मालकाचं काय गेलं? उपाशी ती राहिली. शुद्ध करायला निघालेल्यांनी तिला विचारलं नाही, आणि आता तिच्या वतीनं लाज बाळगणारेही विचारत नाहीत. तुम्हाला नाही म्हणत दादा, एकूणच.

वाळवेकर

लागलं ते लागलं. मुद्दा पटला अर्धा. उरलेल्या अर्ध्यावर भांडू निवांत.

माणदेशी_मेंढका

जत्रंतल्या तमाशाचं सांगतो. बाई गाताना एका बाजूला बघून हसली की तिकडचे पन्नास जण समजत्यात, माझ्याकडंच बघितलं. शेजारचा शेजाऱ्याला सांगत न्हाई, मनातल्या मनात फुगतो. आन् तेवढ्यात सोंगाड्या येऊन म्हणतो, ‘पाव्हणं, तोंड मिटा, माशी जाईल.’ सगळी हसत्यात, पर जो तो समजतो दुसऱ्याला बोलला. भुरळ घालायची आन् लगेच उतरवायची, दोन्ही त्याच बोर्डावर. ह्ये मला त्या विलायती वहीवाल्यापेक्षा शहाणं वाटतंय.

नागठाणे_फाटा (पलूस)

वाळवेकरांच्या ‘नऊवारी नेसलेल्या पुरुषा’वरून बालगंधर्व आठवले नाहीत कुणाला? नारायण श्रीपाद राजहंस, गाव नागठाणे. (सातारकरांनो, हायवेवरचं तुमचं नागठाणे नव्हे, आमचं पलूस तालुक्यातलं.) १९११ ला मानापमानातली भामिनी, १९१६ ला स्वयंवरातली रुक्मिणी, आणि १९२६ ला खाडिलकरांचीच ‘मेनका’. म्हणजे सांगलीच्या माणसानं लिहिलेली मेनका आमच्या गावच्या पुरुषानं उभी केली.

आणि भुरळ कुणाला? पुरुषांना तर होतीच. पण घरंदाज बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायला, त्यांच्यासारखा गजरा माळायला लागल्या. शृंगार करावा कसा, हे बाईला शिकवलं एका पुरुषानं. हे काय प्रकरण आहे, माझ्याच्यानं उलगडत नाही. वाळवेकरांच्या हिशेबात बसवलं तर पुरुष बाईच्या रूपात पुरुषांना भुलवतोय. मग समोरच्या बायका कशाला भुलल्या?

जवारी

कारण ते सुंदर गात होते, राव. तुम्ही साहित्यवाले सूर विसरता. आमच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावतात तेव्हा घोडीवर एक सुताचा दोरा सरकवतात, केसभर इकडं-तिकडं. तो नेमका बसला की तार बोलायला लागते. बालगंधर्वांच्या गाण्यात ते होतं. त्यात बाई-पुरुष काही उरत नाही. रुक्मिणी गात असताना बायका ‘हा पुरुष’ म्हणून बघत नव्हत्या आणि ‘ही बाई’ म्हणूनही नाही.

वाईघाट

मला दुसरं कारण दिसतं. त्या काळी कुलीन बाईनं चारचौघांत शृंगार बघणंच कठीण. फडावर जाता येत नाही, बैठकीला तर नाहीच. गंधर्व मंडळींच्या नाटकात तो नवऱ्याशेजारी बसून बघता आला, कारण समोर ‘बाई’ नव्हती. पवळा बघायला बंदी, आणि रुक्मिणी बघायला नवरा तिकीट काढून देतो.

कंदी_पेढा

हे झकास! सगळ्यांची सोय झाली आणि पापही नाही.

चिवट_वाचक

हळदताई, मग निकाल काय?

पेवातली_हळद

निकाल लावायला मी काय न्यायाधीश! पण हरिपूरकरांचं ‘चांगला पुरुष प्रयत्नच करत नाही’ हे डोक्यातून जात नाही. त्यामुळं एक मोठी गोष्ट आपल्याकडं लिहायचीच राहिली असं वाटतं. ज्याला कुणी खल म्हणणार नाही, जो कीचकासारखा अंगावर येत नाही, उलट वाचलेला, हळवा, बायकांशी आदरानं बोलणारा, आणि तरीही हळूहळू समोरचीचं सगळं आयुष्य आपल्या मनासारखं फिरवणारा. अशी माणसं आमच्या कॉलेजात होती, सांस्कृतिक मंडळांत होती. बायका आपसांत त्यांच्याबद्दल बोलायच्या, एकमेकींना सावध करायच्या. छापून आलं नाही कारण त्यांच्यातलेच काही छापणारे होते. वकीलीणबाईंच्या कलमात ते बसत नाहीत आणि भीमाच्या हातीही लागत नाहीत.

बाकी पुढच्या कट्ट्याचं: मृच्छकटिकाचा पाचवा अंक वाचायचा, जवारीकाका तीन गाथा मूळ प्राकृतासकट आणणार (काका, नाही म्हणू नका), आणि वाईघाट बैठकीच्या लावणीचं ध्वनिमुद्रण ऐकवणार. वाळवेकरदादांनी यायचं आणि भांडायचं. जोडीला मृच्छकटिकातला पाठलागाचा प्रवेशही घेऊ. वसंतसेना मी वाचते. शकार कुणी वाचायला तयार नाही, सगळ्यांना चारुदत्त हवाय.

हरिपूरकर

साहजिक आहे, चारुदत्ताला बसूनच राहायचंय.

कंदी_पेढा

साताऱ्याहून येतो, शकार मी वाचतो. श्लोक चुकीचे म्हणायची सवय आहेच, आणि घरात विचारलं तर ही म्हणाली, ‘वेगळी तयारी करायला नको.’